संघनिवडीतील अनेकांत

चातुर्मासातील संततधारेमुळे मैदाने चिखलमय होतात आणि पेणकरपाड्यातील मुलांचे क्रिकेट घरात येते. जुन्या-नव्या खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या तयार होतात, त्यांच्या कामगिरीला गुण दिले जातात आणि प्रत्येकजण आपला काल्पनिक संघ रचतो. खेळ निरागस आहे. परंतु चिठ्ठी कोणाच्या नावाची लिहावी, हा प्रश्न मात्र न्यायाचा आहे.

'कसोटी खेळला तोच पात्र' हा निकष सर्वांत सोपा. पण तो लावताच पळवणकर बाळू बाहेर पडतात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने ११४ बळी घेतले. भारताचा पहिला कसोटी सामना झाला तो १९३२ मध्ये. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मल्यामुळे पुण्यात त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यातून दिला जाई. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम दृष्टिपथात असताना काठियावाडच्या संघाने सामना सोडून दिला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेणारे मुंबईचे पद्माकर शिवलकरही नाहीत. त्यांच्या काळात भारतीय संघातील डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींकडे होती.

जैन दर्शनात वस्तूकडे एका बाजूने पाहण्याला 'नय' म्हणतात. तीच बाजू संपूर्ण सत्य असल्याचा आग्रह धरला, की नयाचा 'दुर्नय' होतो. कसोटी सामने हा एक नय, धावा आणि बळी हा दुसरा, खेळाडूला मिळालेली किंवा नाकारलेली संधी हा तिसरा. अनेकांत म्हणजे निर्णय टाळणे नव्हे. संघात शेवटी अकराच जण असतात. परंतु आपण कोणत्या अपेक्षेने निवडले आणि त्यामुळे कोण वगळला गेला, हे प्रामाणिकपणे सांगणे म्हणजे अनेकांत.

म्हणून घरच्या या खेळात दोन नियम असावेत. आपली चिठ्ठी निवडण्यापूर्वी प्रत्येकाने प्रतिस्पर्ध्याच्या एका खेळाडूच्या बाजूने दोन वाक्ये बोलावीत. दुसरा नियम असा, की पैसा लावू नये. सप्तव्यसनांत द्यूताची गणना पहिली आहे. २०२५ मध्ये संसदेनेही पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पैसा आला की मूल केवळ जिंकून देणारे नाव शोधते. तो नसला, तर त्याला बाळूंची चिठ्ठी हातात घेऊन 'यांना कर्णधार का केले नाही?' असे विचारण्याची सवड मिळते. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची तयारी घरातील वडीलधाऱ्यांनी ठेवावी.