हवालदिल चालेल, 'होपलेस' नको

आमच्या समाजाला आता रडायलाही इंग्रजी लागते. नगरच्या मुकुंदनगरात, झेंडीगेटला, भिंगारला कुठल्याही टपरीवर घटकाभर उभे राहा. धंदा 'डाऊन' आहे, पोरगा 'फ्रस्ट्रेट' झालाय, कौम 'बॅकवर्ड' आहे, आरक्षण 'लॅप्स' झाले, 'फ्युचर' काही नाही, एकूण मामला 'होपलेस'. घरात दखनी बोलणारा, शाळेत मराठी शिकलेला, नमाजेत अरबी म्हणणारा माणूस निराश व्हायची वेळ आली की चौथी भाषा काढतो. अल्लाहच्या रहमतीविषयी नाउमेद होणे आपल्याकडे गुनाह आहे. ती इंग्रजीत केली तर फरिश्त्यांना कळत नाही, असा काहींचा समज असावा.

इंग्रजीशी आमचे वैर नाही. मुलांनी ती शिकावी, फाडफाड बोलावी. 'डिप्रेशन' हा तर आजाराचा शब्द आहे. तो लपवू नये, त्या पोराला डॉक्टरकडे न्यावे. आमचे भांडण उरलेल्या पाच-सात शब्दांशी आहे. कारण त्यांच्या आडोशाला करणारा लपतो.

'लॅप्स' घ्या. जुलै २०१४ मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारने मुसलमानांतील मागास गटांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण देणारा वटहुकूम काढला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातील आरक्षण मात्र चालू ठेवले. वटहुकूम टिकवायचा तर त्याचा विधिमंडळात कायदा करावा लागतो. तोपर्यंत सरकार बदलले होते. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात मराठा आरक्षणाचे विधेयक आले, मंजूरही झाले. आमचे आलेच नाही. मराठा समाजाला मिळाले याचे आम्हाला दुःख नाही. पण आमचे विधेयक कोणी आणले नाही, निवडणुकीच्या तोंडावर वटहुकूम काढून टाळ्या घेणारे तेव्हा काय करत होते, आणि आमच्या मोहल्ल्यातून किती जणांनी आमदाराच्या दारात जाऊन विचारले, हे सारे प्रश्न 'लॅप्स झाला' या दोन शब्दांत गाडले गेले. जणू दुधाची पिशवी होती, तारीख उलटली आणि नासली.

'डाऊन'चे तेच. घोडेगाव, काष्टीच्या जनावरांच्या बाजारावर ज्या कुरेशी घरांची चूल पेटायची, ती घरे 'धंदा डाऊन झाला' म्हणतात. आपोआप नाही झाला. राज्यात गोहत्येला बंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. २०१५ मध्ये दुरुस्ती करून बैल आणि वळूही त्यात घातले. म्हातारा बैल विकून नवा घेणारा शेवगाव-पाथर्डीचा शेतकरीही त्यात अडकला. धंदा बसला नाही, बसवला गेला. मराठी किती सोयीची भाषा आहे पाहा. बसणे-बसवणे, बुडणे-बुडवणे, मरणे-मारणे. एका अक्षराच्या फरकाने आरोपी उभा करता येतो. ही सोय हाताशी असताना आम्ही 'डाऊन' म्हणून उसासा टाकतो आणि चहा मागवतो.

बरे, दुःखाच्या शब्दांचा आपल्याकडे तुटवडा आहे काय? पाऊस लांबला की मराठी वर्तमानपत्र छापते, 'शेतकरी हवालदिल'. छापणाऱ्याच्या मनातही येत नाही की हा शब्द फारसीतून आला. हौल म्हणजे धास्ती, दिल ते दिल. जेरीस आणणे यातला जेर म्हणजे खाली. नेस्तनाबूत, नाइलाज, लाचार, बरबाद, सगळे तिकडचेच. नगरच्या निजामशाहीच्या आणि तिच्यासारख्या इतर दरबारांच्या कागदांतून, बाजारातून, छावणीतून ते मराठीच्या अंगात मुरले. माधव ज्युलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला तो उगीच नव्हे. आता हे शब्द ना फारसीचे, ना एकट्या मुसलमानाचे. आणि त्यांत धग आहे. जेरीस कोणीतरी आणतो. नेस्तनाबूत कोणीतरी करतो. नाइलाज म्हणायचे तर आधी इलाज शोधावा लागतो. 'होपलेस' म्हणायला काहीच शोधावे लागत नाही.

कोणी म्हणेल, उतरती कळा लागली, यातही कर्ता नाही. खरे आहे. पण कळा चंद्राच्या असतात. ज्यांचे सगळे महिने चंद्रावर चालतात त्यांनी तरी उतरत्या कळेनंतर काय येते ते विसरू नये.

सर्वांत लबाड शब्द 'डिक्लाइन'. ऱ्हास हा त्याचाच मराठी पोशाख. निजामशाहीचा ऱ्हास झाला, एवढे शाळेत पाठ होते. झाले असे की १५९५ मध्ये मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, चांदबीबीने तो परतवला, आणि १६०० मध्ये ती मारली गेली ती स्वकीयांच्याच हातून. मग किल्ला पडला. तरी मलिक अंबर १६२६ पर्यंत लढत राहिला. पुढे शहाजीराजांनी संगमनेरजवळ पेमगिरीला निजामशाही वंशातले पोर गादीवर बसवून १६३६ पर्यंत राज्य रेटले. यात मारेकरी आहेत, फितूर आहेत, हट्टी माणसे आहेत. 'डिक्लाइन'मध्ये यातले कोणीही नाही.

शिवाय डिक्लाइन कोणाचा? १८७१ मध्ये हंटर नावाच्या इंग्रज अंमलदाराने हिंदुस्थानी मुसलमानांवर पुस्तक लिहिले. बंगालमधल्या पडझड झालेल्या खानदानांचे चित्र त्यात होते. तेच चित्र देशभरच्या मुसलमानांच्या गळ्यात पडले आणि आम्ही ते मिरवले. आमच्या जिल्ह्यातले आतार, तांबोळी, पिंजारी, बागवान, शिकलगार कोणत्या तख्तावरून खाली आले? त्यांच्याकडे गमवायला सल्तनत नव्हती. पिंजाऱ्याची गादी गिरणीच्या आणि कारखान्याच्या मालाने मारली. त्याला दिल्लीचे तख्त गेल्याचे रडणे शिकवायचे आणि त्याच्या पोराच्या जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला कोणी जायचे नाही, हा आमच्या जलशांतल्या वक्त्यांचा जुना धंदा आहे.

याच नगरच्या किल्ल्यात मौलाना आझाद १९४२ पासून १९४५ पर्यंत कैदेत होते. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांची पत्नी वारली. भेट झाली नाही. तिथे लिहिलेल्या पत्रांचे 'गुबार-ए-खातिर' झाले. त्यात ते दुःख आहे, आणि चहा आहे, कोठडीत शिरणाऱ्या चिमण्या आहेत, संगीत आहे. निराश व्हायला त्यांच्याइतके कारण आमच्यापैकी कोणाकडे आहे?

शेवटी 'निगेटिव्ह'. हा शब्द आमच्याच ट्रस्टींनी हाती धरलेला दंडुका आहे. वक्फच्या जमिनीचा हिशेब विचारला की 'भाई, निगेटिव्ह बोलू नका'. जमीन 'एनक्रोच' झाली म्हणतात. काही जागा सरकारने अडवल्या, काही धनदांडग्यांनी घेतल्या, हे खरेच. पण काही जागांच्या कागदावर सही मुतवल्लीची होती, हेही तितकेच खरे. म्हणून ज्यांच्या हाती जमातीचे इतिवृत्त लिहायचे काम आहे त्यांना आमचे सांगणे आहे: पुढच्या बैठकीत 'एनक्रोचमेंट झाली' असे लिहू नका. कोणी केली, कोणत्या सर्व्हे नंबरात, किती गुंठे आणि कोणाच्या सहीने, तेवढे लिहा.