सरड्याचा दिवा

माझा भाचा न्यू जर्सीत, एडिसन गावी असतो. ज्या थोर पुरुषाचं नाव ह्या गावाने लावलंय, त्याने १८७९ साली इथल्याच मेन्लो पार्कमध्ये दिवा पेटवून दाखवला. आणि त्याच गावी मी एका दिव्यापायी दुकानदाराशी कडाकडा भांडलो!

भाच्याने येमेनकडचा, रंग बदलणारा सरडा पाळलाय. दुकानदाराने त्याला तांबडा बल्ब गळ्यात मारला. म्हणे, रात्रभर लावा, सरड्याला तांबडं दिसतच नाही. अहो, चांगलं दिसतं! शिवाय दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा प्राणी. त्याची झोपमोडही दुप्पटच व्हायची. रात्री त्याला हवा अंधार आणि गारवा.

दिवसा मात्र साधा तारेचा बल्ब. हा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत उधळतो, म्हणून अमेरिकेने २०२३ साली त्याला घरातून जवळजवळ हद्दपार केलं. आमच्या खतावणीत जे नावे, ते सरड्याच्या जमा! हाडांसाठी लागणाऱ्या अतिनील किरणांची नळी वेगळी. आणि बल्ब किती वॅटचा, हे दुकानदाराने नव्हे, फांदीवर बांधलेल्या थर्मामीटरने ठरवावं. बसायच्या जागी ३० अंशांच्या आसपास आलं, की पुरे. दिवा जाळीबाहेर, उंचावर. कारण हे येडं उबेसाठी दिव्याला जाऊन चिकटतं आणि पाठ भाजली तरी हलत नाही.

भाच्याच्या सरड्याच्या पाठीवर तसा काळा डाग पडलाय. तो दुकानदाराला दाखवला, तर म्हणतो कसा, "रंग बदलला असेल!"