माचू पिचूच्या आधी मोहरी

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कला चौपाटी आहे, समुद्र नाही. समोर वसईची खाडी आणि पुलावरून धडधडत जाणाऱ्या लोकल. सकाळच्या फेरीनंतर इथल्या कट्ट्यावर टेकणाऱ्या एका चौकडीत सध्या पेरूचा विषय चालू आहे. खायच्या पेरूचा नव्हे. पुढल्या वर्षी माचू पिचूला चालत जायचं, इथवर चौघांचं एकमत आहे; कोणत्या वाटेने, यावर रोज वाद.

"अहो, दिवसाला पाचशेच माणसं सोडतात. आत्ताच पैसे भरून टाकू," एकाचा धोशा.

"भरा. आणि उतरताना माझा गुडघा गेला तर खांद्यावरून तुम्ही आणणार का?"

बाईंचा प्रश्न जास्त मुद्द्याचा आहे. पाचशेचा आकडा खरा. त्यात वाटाडे आणि हमालही धरलेले असतात, म्हणजे हौशी चालणाऱ्यांच्या वाट्याला साधारण दोनशे जागा उरतात. परवाना पासपोर्टच्या नावावर निघतो, दुसऱ्याला देता येत नाही, आणि फेब्रुवारीत ही वाट बंद असते. त्यामुळे बहुतेकांची निवड 'जागा संपतील' या धास्तीतूनच होते. दिवस कसे जाणार आहेत, हे विचारायचं राहून जातं.

ज्याला सगळे इंका ट्रेल म्हणतात ती वाट सुमारे ४३ किलोमीटरची, चार दिवस आणि तीन रात्रींची. दुसऱ्या दिवशी ४,२१५ मीटरची खिंड ओलांडायची. तिच्या केचुआ भाषेतल्या नावाचा अर्थ 'मेलेली बाई'. त्यानंतर दगडी पायऱ्यांचा उतार, वाटेत रुंकुराकाय, सायाकमार्का, विन्याय वायना असे अवशेष, आणि शेवटच्या सकाळी सूर्यद्वारातून खाली दिसणारं माचू पिचू. दुसरी वाट साल्कान्ताय हिमशिखराच्या कुशीतली. तिला त्या पाचशेंची अट नाही, पण खिंड ४,६०० मीटरच्याही वर. डोंगर बघायला ती सरस. अवशेष मात्र मुख्यतः शेवटी, आणि तिथे शिरायचं ते बसने आलेल्यांच्याच दारातून.

तिसरी वाट माचू पिचूला जातच नाही. ती चोकेकिराओला जाते. तिथेही इंकांचंच शहर, पण ना रेल्वे ना बस, आणि बराच भाग अजून झाडीखाली. वाट आपुरिमाक नदीच्या दरीत दीड हजार मीटर उंचीपर्यंत उतरते आणि पलीकडे तीन हजारांवर चढते. जेसल पार्कच्या हिशेबात सांगायचं, तर चौपाटीवरून निघून एका दमात जवळजवळ कळसूबाई. परतताना बहुतेकांना तीच दरी पुन्हा उतरून चढावी लागते. गर्दीचा ज्यांना खरोखर कंटाळा आहे त्यांनी हीच निवडावी. 'गर्दी नको' म्हणत फोटो मात्र माचू पिचूचाच हवा असेल, तर तसं आधीच कबूल केलेलं बरं.

बरं, 'प्राचीन' या शब्दावर फार भुलू नये. माचू पिचू पंधराव्या शतकातलं. आपल्या नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख त्याहून दीड हजार वर्षांनी तरी जुना, आणि त्याच्या समोरून माणसं वडापाव खात जातात. इंकांच्या वाटेची खरी मिजास वयात नाही. वाटच तुम्हाला टप्प्याटप्प्याने राजधानीसारख्या जागी नेऊन सोडते, यात ती आहे.

तशी वाट आपल्याकडे आहे: राजगड, तोरणा, रायगड. जुन्या राजधानीतून निघून नव्या राजधानीत पोचायचं, तेही पायी, निवांत चालायचं तर तीन-चार दिवसांत. राजगड आणि रायगड २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. मधला तोरणा, तिघांतला सर्वांत उंच, १,४०३ मीटरचा, यादीबाहेर राहिला. ही वाट चालणाऱ्याला तो अन्याय पोटऱ्यांत जाणवतो. राजगडाच्या संजीवनी माचीवरून खाली उतरलं की समोर तोरण्याच्या बुधला माचीचा सुळका दिसत राहतो, आणि दुपार कलली तरी तो जवळ येत नाही. धारेवरची वाट मळलेली आहे, पण कोरड्या गवताखालचा घसारा टाचेखालून सरकतो आणि माणूस नकळत बसूनच उतरायला लागतो. तोरण्यापुढे शहाणपण वाटाड्याला बरोबर घेण्यात आहे, कारण ढोरवाटा सगळ्या सारख्या दिसतात. मोहरी गावात मुक्काम करून पहाटे रायलिंगच्या पठारावर गेलं की दरीपलीकडे लिंगाणा उभा, आणि त्याच्या मागे रायगड. तिथून सिंगापूरच्या नाळेतून कोकणात उतरायचं, दापोली (रत्नागिरीतली नव्हे) आणि पाणे मागे टाकायचं आणि शेवटी रायगडाच्या पायऱ्या. रोपवे १९९६पासून आहे. चौथ्या दिवशी त्याच्याकडे बघायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या गुडघ्याचा प्रश्न.

पेरूमध्ये तंबू आणि शिधा हमाल वाहतात. माणशी २० किलोंची कायदेशीर मर्यादा आहे. इथे सॅक आपल्याच पाठीवर. सलग तिसऱ्या सकाळी ओले मोजे पुन्हा चढवताना माणसाचा स्वभाव कसा होतो, चौकडीत कोण कुणावर खेकसतं, हे मोहरीतच कळलेलं स्वस्त पडतं. फक्त मोसम उलटे आहेत, हे ध्यानात ठेवावं. अँडीजमध्ये मे ते सप्टेंबर कोरडा, म्हणजे पन्हाळा ते पावनखिंड चालणारे आपल्याकडे जुलैच्या चिखलात रुतलेले असतात तेव्हा तिथे आभाळ निरभ्र. राजगड-रायगडासाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. एप्रिलपर्यंत टाक्यांतल्या पाण्याचा भरवसा उरत नाही.

एक गोष्ट मात्र सह्याद्री शिकवू शकत नाही: विरळ हवा. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर, आणि विमानातून उतरायचं ते कुस्को ३,४०० मीटरवर. खाडीकाठी राहणाऱ्याचं डोकं तिथे पहिल्या रात्री ठणकणार, मग तो रोज दहा किलोमीटर चालणारा का असेना. उंचीचा त्रास तंदुरुस्ती बघून येत नाही. कुस्कोत न थांबता थेट ओयांताइताम्बोकडे, म्हणजे सहाशे मीटर खाली जाऊन झोपावं, दोन-तीन दिवस काढावेत, मग खिंडीचं नाव घ्यावं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारावं, कट्ट्यावर नव्हे.

चौकडीचं तूर्त एवढं ठरलंय: डिसेंबरात मोहरी, त्यानंतर परवान्याचे पैसे. 'आत्ताच भरू'वाले अजून घुश्शात आहेत. बाई मात्र रोज पाण्याच्या आठ बाटल्या भरलेली सॅक पाठीला लावतात, लिफ्टने गच्चीपर्यंत जातात आणि सात मजले जिन्याने खाली येतात. चढायचा सराव का करत नाही, असं वॉचमनने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "चढताना नुसता दम लागतो रे. रडवतं ते उतरणं."