धानाचा दाणा भरतो तो परागकणांच्या बळावर

भंडारा जिल्ह्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या खाणीमुळे दूरवर परिचित आहे. तथापि ज्या तुमसर तालुक्यात ते वसले आहे, त्या तालुक्याची शेती प्रामुख्याने धानाची आहे. खाणीतील खनिज टनावारी मोजले जाते. धानाचे उत्पन्न मात्र ज्या वस्तूवर अवलंबून असते ती नुसत्या डोळ्यांनी नीट दिसतही नाही. ती वस्तू म्हणजे परागकण. धानाचा एक परागकण मिलिमीटरच्या सुमारे पंचविसाव्या भागाएवढा असतो. बी, खत, पाणी आणि औषध यांचा हिशेब प्रत्येक शेतकरी ठेवतो. परागकणांचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. उन्हाळी धानाच्या बाबतीत ही उपेक्षा फार महाग पडते. यास्तव उन्हाळी पेरणीची तारीख केवळ पाण्याच्या किंवा सवडीच्या मानाने न ठरविता, फुलोरा कोणत्या दिवसांत येईल याचा विचार करून ठरविली पाहिजे.

धानाचे फूल लहान असले तरी परिपूर्ण असते. त्यात सहा पुंकेसर असतात व प्रत्येकात सुमारे हजारभर परागकण तयार होतात. मध्यभागी पिसासारखी दोन टोके असलेला स्त्रीकेसर असतो. पीक निसवल्यावर ही फुले लोंबीच्या शेंड्याकडून खाली क्रमाक्रमाने उमलतात. एका लोंबीचा फुलोरा साधारणतः आठवडाभर चालतो. फूल उमलण्याची वेळ बहुधा सकाळी नऊ ते बारा ही असते आणि उमललेले फूल तासाभरात पुन्हा मिटते. बाहेर पडलेला परागकण काही मिनिटेच सजीव राहतो. तेवढ्या अवधीत तो स्त्रीकेसरावर पडून रुजला तरच दाणा धरतो.

परागकण रुजला म्हणजे त्यातून एक सूक्ष्म नळी निघते व तीमधून दोन पुंबीजे बीजांडापर्यंत पोहोचतात. एकाचा संयोग अंड्याशी होऊन अंकुर निर्माण होतो. दुसऱ्याच्या संयोगातून त्या अंकुराचे अन्न, म्हणजे दाण्यातील पांढरा पिष्टमय भाग, तयार होतो. हा दुहेरी संयोग १८९८ मध्ये नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिला. माणूस जो तांदूळ खातो तो मुख्यतः हा दुसरा भाग होय. ज्या फुलात हे कार्य घडले नाही, तेथे तूस राहते, तांदूळ राहत नाही.

या साखळीतील अत्यंत नाजूक दुवा परागकणांचा आहे. फूल उमलण्याच्या वेळी उष्णतामान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले तर पुंकेसर नीट फुटत नाहीत, परागकण कमी गळतात आणि गळलेले पुरेसे रुजत नाहीत. पूर्व विदर्भातील एप्रिलचे ऊन कोणास सांगावयास नको. दुपारचा कडाका मार्चअखेरही असतो. पण फुले सकाळी उमलतात, म्हणून सकाळची धग महत्त्वाची. मार्चअखेरची सकाळ पिकास सोसवते. एप्रिल अर्ध्यावर गेल्यानंतरची पुष्कळदा सोसवत नाही.

लोंबी पोचट निघाली की दोष बहुधा खतावर किंवा बियाण्यावर ठेवला जातो. प्रथम कारण ओळखले पाहिजे. लोंबी संपूर्ण पांढरी असून ओढताच सहज हाती येत असेल तर ती खोडकिड्याची पळींज होय. दाण्यांवर तपकिरी ठिपके असतील तर ढेकण्यांनी दुधाळ दाण्यांतील रस शोषल्याचा संशय घ्यावा. परंतु झाड निरोगी, लोंबी ताठ, आणि भरलेल्या दाण्यांत पोचे दाणे विखुरलेले असतील, तर फुलोऱ्याच्या दिवसांतील उन्हाची आठवण करावी. अशा पिकास मागाहून खताची मात्रा देणे व्यर्थ आहे.

फुलोऱ्यापासून कापणीपर्यंत सुमारे तीस दिवस लागतात. म्हणून वाणाच्या एकूण मुदतीतून तीस दिवस वजा केले की पेरणी ते फुलोरा हा काळ मिळतो. सुमारे १३० दिवसांचे वाण १५ डिसेंबरच्या सुमारास पेरले तर फुलोरा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो. तेच वाण १० जानेवारीस पेरले तर फुलोरा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सापडतो. थंडीने मुदत लांबते हे ध्यानात ठेवून चार दिवस हाताशी राखावेत.

यावर आक्षेप असा की, डिसेंबरच्या थंडीत पऱ्हे पिवळे पडतात व वाढत नाहीत. आक्षेप खरा आहे, पण त्यास उपाय आहे. पऱ्ह्यांत सायंकाळी पाणी भरून सकाळी काढून टाकावे आणि रात्री आच्छादन घालावे. उन्हापुढे परागकणास मात्र असे आच्छादन नाही. दुसरी अडचण अधिक मोठी आहे. कालव्यावरील शेतकऱ्याची रोवणी पाणी केव्हा सुटते यावर अवलंबून असते. पाणी उशिरा आले तर केवळ शेतकऱ्यास दोष देता येणार नाही. उन्हाळी पाळीचे वेळापत्रक आखणाऱ्यांनीही एप्रिलमधील फुलोऱ्याचा विचार करणे तितकेच अगत्याचे आहे. आणि पाणी वेळेवर मिळणार नसेल तर धानाऐवजी दुसरे पीक घेणे शहाणपणाचे ठरेल.

पेरणी साधल्यावरही दोन पथ्ये राहतात. पोटरीपासून फुलोरा संपेपर्यंत बांधीत पाणी टिकवावे. ओलाव्यामुळे पिकाभोवतीची हवा किंचित थंड राहते. तसेच फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी नऊ ते बारा या वेळेत फवारणी करू नये. फवाऱ्याचे पाणी उमललेल्या फुलात गेले तर परागकण वाया जातात.

उन्हाळी धानास खर्च अधिक आणि पाणी अधिक लागते. एवढे सारे करून लोंबीत तूस उरावे, यापरते नुकसान नाही. तारखेचा हिशेब करण्यास मात्र पैसा लागत नाही. पऱ्हे टाकण्यापूर्वी बोटांवर दिवस मोजले म्हणजे पुरे.