निरुपद्रवी म्हणजे मुलांसाठी?

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर एक प्रमाणपत्र झळकते. त्यावर ‘यू’ दिसला की आईबाप निश्चिंत होतात आणि मूल मांडीवर घेऊन खुशाल बसतात. माझा आक्षेप आहे तो या निश्चिंतीला.

१९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे परीक्षण मंडळ शिक्का मारते, तो वयाचा. पूर्वी सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’ एवढेच होते. १९८३ पासून मधला ‘यूए’ आला. पण चित्र अमक्या वयाला बाधणार नाही म्हटले, म्हणजे ते त्या वयासाठी काढले आहे असे कसे होईल? साधे पाणी विषारी नसते, म्हणून काही मूल त्यावर पोसत नाही.

निर्मात्याला शिक्क्यात दिसतो तो गल्ला. ‘ए’ मिळाला की अठराच्या आतला प्रेक्षक दारातून परत जातो, आणि ते चित्र तसेच्या तसे दूरचित्रवाणीवरही दाखविता येत नाही. मग हे गृहस्थ आपण होऊन कात्री मागून घेतात. दोन शिव्या गाळल्या, थोडे रक्त पुसले, की तीच सूडकथा सहकुटुंब पाहावयास मोकळी! प्रौढाच्या हाती पडते अर्धवट चित्र, आणि मुलाच्या हाती पडते मुळात त्याचे नसलेले. फसले दोघेही.

२०२४ च्या नियमांनी ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग पाडले. ठीक झाले. परंतु हे आकडे म्हणजे पालकांना सल्ला. दारावरचा माणूस त्यावरून कोणाला अडवीत नाही. राखण अखेर आईबापांची, आणि ते तर शिक्क्यावर विसंबून झोपलेले!

आणखी एक मौज पाहा. मुलांसाठी चित्रे काढावीत म्हणून १९५५ साली बाल चित्र समिती स्थापन झाली. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. मुलांचे वेगळे घर आधी मोडले आणि मग त्यांची वये बारकाईने मोजावयास बसलो!

वर्गात रोज मुलांपुढे उभा राहणारा माणूस म्हणून माझे मागणे थोडे आहे. प्रौढांचे चित्र निर्मात्याने ‘ए’ शिक्क्यानिशी ताठ मानेने दाखवावे. पालकांनी शिक्का वाचावा, आणि मग चित्रात काय आहे तेही विचारावे. आणि मुलांना कोणी तरी त्यांचे स्वतःचे ताट वाढावे. मोठ्यांच्या पानातले निवडून दिलेले घास पुरे झाले.