चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांची शाई

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण ज्याने कुणी काढली, त्याने इंकजेट प्रिंटर पाहिला असण्याची सुतराम शक्यता नाही. (काढणारी बहुधा बाईच असावी. मसाल्याचा हिशेब दुसरं कोण ठेवणार?) तरीही म्हण अशी चपखल बसते, की जणू प्रिंटरच्या खोक्यावर छापण्यासाठीच केली असावी. दुकानदार प्रिंटर इतक्या स्वस्तात देतो की आपल्यालाच संकोच वाटतो. मग हळूहळू उलगडतं, की आपण यंत्र आणलेलं नाही, जावई आणला आहे, आणि त्याचा दिवाळसण दर दोन महिन्यांनी करायचा आहे. नेहमीच्या लहान कार्ट्रिजमध्ये शाई असते ती चहाचा चमचा-दीड चमचा. काहींत तेवढीही नसते.

आता ज्या समाजात टूथपेस्टची नळी लाटण्याखाली घालून शेवटचा वळसा काढतात आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत दहीभात कालवतात, तो समाज धडधाकट डबी कचऱ्यात टाकेल काय? छे! तो सुई आणतो, सिरिंज आणतो, शाईची बाटली आणतो आणि डबी पुन्हा भरतो. मग पहिली दोन पानं झकास येतात, तिसऱ्यावर अक्षरं फिकी पडतात आणि चौथ्यावर नुसते पांढरे पट्टे. नेमक्या त्याच वेळी शेजारचे एखादे तज्ज्ञ टपकतात. ‘‘सांगितलं नव्हतं? रिफिलचं हे असंच! ओरिजिनल ते ओरिजिनल.’’

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. कारण भरलेली डबी बहुतेक वेळा शाईने मरत नाही. ती हवेने मरते. आणि हे कळायला इंजिनिअर लागत नाही, स्वयंपाकघर पुरतं.

पंधरा किलोंचा तेलाचा डबा आठवा. त्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करतं, अडतं, आणि बाहेर आलं की थेट ओट्यावर. म्हणून आपली आई समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडायची. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. कार्ट्रिजच्या डोक्यावरही असंच एक बारीक भोक किंवा नागमोडी चर असते. शाई भरून झाल्यावर माणूस स्वच्छतेच्या भरात वर चिकटपट्टी मारतो, एकदा नव्हे, आडवी-उभी. हवा बंद! आत पोकळी तयार होते आणि शाई जागची हलत नाही. थोडा विसावा मिळाला की पुन्हा एखादं पान बरं येतं, आणि तज्ज्ञ म्हणतात, ‘‘शाई हलकी.’’ अहो, शाई हलकी नाही, पट्टी जड झाली! ती काढा, हवेची वाट मोकळी करा, आणि मग बोला.

दुसरा विकार हावरेपणाचा. या डब्यांच्या पोटात बहुधा स्पंज असतो. त्याचं काम शाई धरून ठेवायचं, म्हणजे ती आपोआप गळत नाही. पोस्टातल्या तिकिटं ओली करायच्या स्पंजासारखंच हे. त्याला त्याच्या मापाने पाजलं तर तो नीट सोडतो. बदाबदा ओतलं तर खालून गळतो, आणि तीन रंगांची डबी असेल तर पिवळ्यात निळा घुसून हिरवा संसार सुरू होतो. घाईने ओतलं तर हवेचे बुडबुडे स्पंजात अडकतात आणि शाईची वाट अडवतात. म्हणून सावकाश भरावं आणि काही तास डबी तोंड खाली करून ठेवावी. मग तोंडाशी टिश्यू कागद हलकेच टेकवावा. तीनही रंगांचे ठसे उमटले तर प्रकृती उत्तम. एखादा रंग गैरहजर असेल, तर दोष कुठे शोधायचा हे तरी कळलं.

तिसरा विकार वाळण्याचा. ज्या भोकांतून शाई उडते ती आपल्या केसाहूनही बारीक असतात. महिनाभर काही छापलं नाही तर त्यांच्यात शाई सुकून बसते. इलाज काय? कोमट पाण्याने ओलसर केलेल्या कागदावर तोंड टेकवून डबी काही मिनिटं ठेवायची आणि मग हलकेच टिपायची. कंपनीचा इलाज वेगळा. ती सांगते, ‘सफाई’चं बटण दाबा. दाबा जरूर, पण एकदा, फार तर दोनदा. कारण ही सफाई शाईनेच होते. आणि कोरड्या डबीवर हट्टाने छापत राहू नये. ज्या प्रिंटरांत शाई तापवून उडवतात, तिथे त्या इवल्याशा हीटरला गार ठेवण्याचं कामही शाईच करते. ती संपली की हीटर जळतो, आणि मग मात्र डबी खरोखर मरते.

रिफिलवाले सगळे साधुसंत आहेत, असं माझं म्हणणं नाही. कोणतीही शाई कोणत्याही डबीत ढकलणारे महाभाग आहेत. पाण्यात विरघळणारी रंगाची शाई आणि बारीक कणांची पिगमेंट शाई एकत्र केली की कधी कधी गुठळ्या होतात, आणि त्याला कोमट पाणीही पुरत नाही. पण एका हलवायाने दूध नासवलं म्हणून गाय मारायची नसते.

खरा राग पुढे आहे. वरचे सगळे विकार बरे होतात. एकच होत नाही, तो म्हणजे चिपचा. डबी भरलेली, शाई वाहती, टिश्यूवर ठसे सुरेख, आणि प्रिंटर सांगतो, ‘ही डबी मला चालत नाही.’ सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरांनी काल चालणारी परकी कार्ट्रिजं अचानक नाकारली. गदारोळ झाला, तेव्हा कंपनीला माघार घेऊन तो अडसर काढणारं सॉफ्टवेअर द्यावं लागलं. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कच्या खटल्यात निकाल दिला, की कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा कंपनीचा पेटंटचा हक्क संपला. घेणारा ते भरो, विको, काहीही करो. जे आपल्या आजीला तेलाच्या डब्याबद्दल जन्मतः ठाऊक होतं, त्यासाठी न्यायमूर्तींना बसावं लागलं!

गंमत पुढेच आहे. २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियात टाकीवाला प्रिंटर आणला. बाटली घ्या आणि स्वतः शाई ओता! आज आपल्याकडेही घरोघरी तसले प्रिंटर दिसतात. म्हणजे आपण सिरिंजने भरली तर भेसळ, आणि त्यांनी बाटली विकली तर क्रांती.

आणि सिरिंजला तरी का नावं ठेवायची? कॅनन कंपनी स्वतःच्या इतिहासात सांगते, की १९७७ मध्ये प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून सोल्डरिंगची तापलेली सळई लागली, शाई फुर्रकन उडाली, आणि तापवून शाई उडवायची कल्पना तिथे सुचली. इंकजेटच्या घराण्याची आद्यदेवता सुईच! तीच सुई आमच्या हातात आली की अपवित्र कशी होते?

२०२२ साली आपल्या सरकारनेही ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी पोर्टल उघडलं. फार छान! पण त्या हक्काची सुरुवात पोर्टलवर नाही, आपल्या जिभेवर व्हायला हवी. दुकानात प्रिंटर घेताना किमतीआधी विचारा: डबी पुन्हा भरता येते का? चिप अडवते का? बाटली सुटी मिळते का? दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्या. आणि पुढच्या वेळी पट्टे उमटले की ‘ओरिजिनल ते ओरिजिनल’ म्हणण्याआधी चिकटपट्टी काढून बघा.

तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडताना आपण तेल कंपनीची परवानगी कधी मागितली होती?