सलोख्याचा रस्ता

रोमला जाऊन आलेल्या बहुतेकांकडे एक फोटो असतोच. सरळसोट रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी दिव्यांचे खांब आणि टोकाला सेंट पीटर्सचा घुमट. सगळे म्हणतात, "काय भव्य!" मंडळी, माझं भांडण त्या रस्त्याशीच आहे.

चर्चपुढचा चौक बर्निनीचा, १६५६ ते १६६७ या काळात बांधलेला. २८४ खांब, चार-चार ओळींत, दोन बाजूंना वळत गेलेले. आईने लेकराला कवेत घ्यायला हात पसरावेत तसे. समोर नदीपर्यंत बोर्गोची दाटीवाटीची वस्ती. माणूस अंधाऱ्या बोळांतून यायचा आणि एकदम एवढं मोठं आभाळ! बर्निनीला तर चौकाची पुढची बाजूही खांबांनी झाकायची होती. ते राहून गेलं, पण ते काम घरांनी केलं.

१९३६ साली मुसोलिनीने ती घरं पाडायला घेतली. १९२९ साली पोप आणि इटलीचं सरकार यांच्यात करार झाला होता, त्याची आठवण म्हणून हा रस्ता. नाव काय, तर 'सलोख्याचा रस्ता'! सलोखा त्या दोघांचा, घरं मात्र तिसऱ्यांची गेली. तिथल्या लोकांना शहराबाहेरच्या वस्त्यांत पाठवलं. मुसोलिनी १९४५ साली संपला, तरी रस्ता १९५० साली पूर्ण झालाच.

आता कोणी म्हणेल, "अहो, पण घुमट लांबून किती छान दिसतो!" दिसतो ना. चर्चच्या जवळ गेल्यावर दर्शनी भिंतीआड तो बराचसा लपतो, हेही कबूल. पण जे अर्धा किलोमीटर आधीपासून दिसतंय, तिथे पोचल्यावर नवल कसलं? "एवढी गर्दी बोळांतून येणार कशी?" तर पावणेतीनशे वर्षं येतच होती की!

पाडलेली घरं काही परत येणार नाहीत. पण तुम्ही जाल तेव्हा बस त्या रस्त्यावर सोडत असली तरी सरळ चालू नका. बोर्गो पिओच्या किंवा बोर्गो सांतो स्पिरितोच्या गल्लीतून जा आणि खांबांमधून चौकात शिरा. मग मधला उंच दगडी स्तंभ आणि कारंजं यांच्यामध्ये जमिनीत एक गोल दगड आहे, त्यावर उभे राहा. चार खांबांच्या जागी एकच खांब दिसेल. फोटो काढायचाच तर तिथे काढा.